पावती चुकवता येते, पण धडक?

मैंदर्गीहून दुचाकीवर सोलापूरला निघालेल्या अनेकांची एक ठरलेली रीत असते. हेल्मेट सोबत असते, पण डोक्यावर नसते. ते आरशाला लटकते, नाहीतर मागे बसलेल्याच्या कोपरात अडकते. अक्कलकोट येते, वळसंग जाते, कुंभारी मागे पडते. सोलापूरची वेस दिसू लागली की गाडी कडेला थांबते आणि हेल्मेट डोक्यावर चढते. परतताना हाच प्रकार उलट. समोरून येणाऱ्या गाडीने दिवे चमकवले की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो : पुढे मामा उभा आहे, सांभाळा. त्या चमकत्या दिव्यांत आपुलकी असते, यात शंका नाही. पण ती वाचवते फक्त पाचशे रुपये.

‘सगळे नियम पाळले तर दंड टळतो का?’ हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. भ्रमणध्वनीवर ई-चलनाचा संदेश आला की घरात पहिली चर्चा असते ती पैशांची. चूक झाली होती का, ही चर्चा नंतर येते, किंवा येतच नाही. प्रश्नाचे सरळ उत्तर असे : बहुतेक दंड टाळता येतात, काही थोडे नियम पाळूनही येतात, आणि त्यांच्यावर दाद मागता येते. पण मैंदर्गीसारख्या गावाच्या बाबतीत या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. इथे ना सिग्नलवरचा कॅमेरा, ना चौकाचौकांत वाहतूक पोलीस. म्हणजे नियम मोडूनही दंड टळतोच. तरीही नियम का पाळायचा? आरोग्याच्या दृष्टीने याचे उत्तर स्पष्ट आहे : जिथे दंड होण्याची शक्यता सर्वांत कमी, तिथेच नियमाची गरज सर्वांत जास्त.

तीन प्रकारचे दंड

आधी दंडाचा हिशेब नीट मांडू. केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढवल्या. महाराष्ट्राने त्या लगेच लागू केल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने स्वतःचे तडजोड शुल्क ठरवले. हेल्मेट नसल्यास केंद्राच्या कायद्यात एक हजार रुपये आहेत, राज्याने ते पाचशेवर आणले. परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरण्याची तरतूद मात्र कायद्यात आहेच, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते.

दंडांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला सवयीचा : हेल्मेट, सीटबेल्ट, वेग, गाडी चालवताना फोन, दुचाकीवर तिघे, दारू. हे सगळे पूर्णपणे आपल्या हातात आहेत. यात नशिबाचा भाग नाही.

दुसरा कागदांचा. हे दंड निष्काळजीपणातून येतात आणि गावाकडे सर्वाधिक दिसतात. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक झाला. सोय झाली, पण त्यामुळे विमा दरवर्षी भरायची सवयही मोडली. पाच वर्षे उलटली की विमा संपतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. विमा नसताना अपघात झाला तर दंड ही किरकोळ बाब ठरते. समोरच्या जखमीची किंवा मृताच्या कुटुंबाची भरपाई मालकाच्या शेतीवर, घरावर येऊ शकते. तीच गोष्ट विकलेल्या गाडीची. ओळखीत गाडी विकली, पैसे हातात पडले, कागद ‘नंतर करू’ म्हणून राहिले. पुढची सगळी चलने जुन्या मालकाच्या नावाने येत राहतात. गाडी विकल्यापासून चौदा दिवसांत विकणाऱ्याने आणि तीस दिवसांत घेणाऱ्याने परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कायदा सांगतो. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालही आहे. परवाना, नोंदणीपत्र, विमा हे कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये असले तरी ते ग्राह्य आहेत. ‘घरी राहिले’ म्हणून दंड भरण्याची वेळ आता यायला नको. नोंदणीला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडला आहे ना, एवढे मात्र तपासावे. नाहीतर चलन कोणाच्या तरी जुन्या क्रमांकावर जाते आणि थकबाकी वाढत राहते.

तिसरा प्रकार चुकीच्या चलनाचा. कॅमेऱ्याने क्रमांक चुकीचा वाचला, कोणी बनावट पाटी लावली, किंवा फलक नसलेल्या जागी ‘नो पार्किंग’चा दंड लागला. असे होते, आणि नियम पाळणाऱ्याला त्याचा राग येणे साहजिक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७ अ हा नियम घालण्यात आला. स्वयंचलित कॅमेऱ्याने कारवाई करायची तर त्या जागेच्या आधी तसा फलक हवा, गुन्ह्याचे छायाचित्र हवे, त्यावर ठिकाण, तारीख आणि वेळ हवी, आणि पंधरा दिवसांत सूचना पोचली पाहिजे, अशा अटी त्यात आहेत. हा नियम ज्या शहरांसाठी आला त्यांत सोलापूरही आहे. म्हणून चलन आले की आधी छायाचित्र उघडून पाहावे. गाडी आपली नसेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार करावी. ‘पाचशेच तर आहेत, भरून टाकू’ म्हणून न केलेल्या चुकीचे पैसे भरणे हा समजूतदारपणा नव्हे. त्याने चुकीची यंत्रणा तशीच चालू राहते.

थोडक्यात, पहिले दोन प्रकार जवळपास शंभर टक्के टाळता येतात आणि तिसऱ्यावर उपाय आहे. पण आतापर्यंत आपण फक्त पैशांबद्दल बोललो. शरीराचा हिशेब अजून बाकी आहे.

डोके आणि डांबर

दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी उभी असताना तो नुसता कलंडून पडला, तरी डोके जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर झालेला असतो. डांबर दबत नाही. म्हणजे हा सारा वेग एखाद-दोन मिलिमीटरच्या अंतरात शून्यावर येतो आणि तो सारा आघात कवटी सोसते. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा जो जाड थर असतो, तो दोन-अडीच सेंटिमीटर दबतो. थांबण्याचे अंतर दहापट झाले की डोक्यावरचा जोर सुमारे दहापट कमी होतो. हेल्मेटचे सगळे विज्ञान एवढेच आहे. चकचकीत कवच दिसायला मोठे, पण जीव वाचवतो तो आतला थर. म्हणून नुसती प्लास्टिकची टोपी घालून पोलिसाला चुकवता येते, रस्त्याला नाही. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खुणेचीच दुचाकी हेल्मेटे विकता येतात. खूण पाहावी, हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडणाऱ्याच्या आधी उडून जाते. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले तरी बदलावे, कारण आतला थर दबून गेलेला असतो.

जगभरातील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये केलेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ एकट्या महाराष्ट्रात. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या होती ५०,०२९. हेल्मेट असते तर ते सगळे वाचले असते, असे नाही. पण त्यांतले बरेच आज घरी असते.

या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. दहांतले जवळजवळ तीन. आपल्याकडे मागच्या जागेवर कोण बसते, हे सांगायला नको. आई, बायको, बहीण. साडीत, एका बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी, कधी मांडीवर मूल. पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर गाडी उडते आणि पहिल्यांदा त्याच पडतात, बहुतेक वेळा डोक्यावर. कायद्यात चार वर्षांवरील प्रत्येक स्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे, पुढचा आणि मागचा असा भेद नाही. घरात एकच हेल्मेट असेल आणि तेही चालवणाऱ्या पुरुषाचे, तर ते पोलिसासाठी घेतलेले आहे, घरच्यांसाठी नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

आता वेग. मैंदर्गी ते अक्कलकोट हे अंतर पंधराएक किलोमीटर. ताशी साठच्या वेगाने पंधरा मिनिटे लागतात, ऐंशीने सव्वाअकरा. वाचतात पावणेचार मिनिटे. या पावणेचार मिनिटांची किंमत काय? समोर अचानक म्हैस आडवी आली असे समजा. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. साठच्या वेगात तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढे जाते, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी वीस मीटर लागतात. एकूण पंचेचाळीस. ऐंशीचा वेग असेल तर एकूण अडुसष्ट-एकोणसत्तर मीटर लागतात. साठवाला जिथे थांबतो, त्या बिंदूवर ऐंशीवाला अजून ताशी पासष्टच्या वेगात असतो. म्हणजे एक जण म्हशीसमोर थांबून शिवी हासडतो आणि दुसरा पासष्टच्या वेगाने तिच्यावर जाऊन आदळतो. फरक फक्त वीस किलोमीटरचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. साठच्या वेगात फोनकडे दोन सेकंद पाहिले की गाडी तेहतीस मीटर आंधळी धावते, हा हिशेबही यातच धरावा.

पन्नास किलोमीटरचे अंतर

शहरातला अपघात आणि गावाकडचा अपघात यांत मोठा फरक असतो तो मदतीच्या अंतराचा. २०२२ मध्ये देशातले रस्ते अपघातांचे सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. मैंदर्गीजवळ कोणाच्या डोक्याला मार लागला, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गाठायचे सोलापूर, म्हणजे पन्नासहून अधिक किलोमीटर.

डोक्याच्या इजेत एक फसवा प्रकार असतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिनी फुटते. माणूस क्षणभर भोवळतो, मग उठून बसतो, बोलतो, चहाही पितो. ‘काही झालं नाही’ म्हणून घरी येतो आणि झोपतो. आत मात्र रक्त साठत असते, ते मेंदूला दाबत असते. काही तासांत शुद्ध हरपते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, उशीर झाला तर नाही. म्हणून डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी, बुबुळांचा आकार लहानमोठा दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही, असे संरक्षण कायद्याच्या १३४ अ कलमात आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. हे माहीत नसल्याने पैशांची जुळवाजुळव करण्यात वेळ जातो, तो जाऊ नये.

पण खरी सुरक्षा या पन्नास किलोमीटरच्या अलीकडे आहे. शहराच्या वेशीवर हेल्मेट घालणारा माणूस ज्या टप्प्यात रुग्णालय जवळ आहे तिथे डोके झाकतो आणि ज्या टप्प्यात ते दूर आहे तिथे उघडे ठेवतो. पावतीच्या हिशेबाने हे बरोबर आहे. जिवाच्या हिशेबाने नेमके उलटे.

दंडाने माणूस बदलतो का?

मग दंड निरुपयोगी आहे का? नाही. दंड काम करतो, पण काही अटींवर, आणि त्या अटींचा बराच अभ्यास झालेला आहे.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डोनाल्ड रेडेलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणघातक अपघातांत सापडलेल्या सुमारे नऊ हजार चालकांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतूक गुन्ह्याबद्दल शिक्षा झाल्यानंतरच्या महिन्यात त्या चालकाचा प्राणघातक अपघातात सापडण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणजे आज ज्या पावतीबद्दल आपण चिडतो, ती पुढचा महिनाभर आपले प्राण राखत असते. पण त्याच अभ्यासात पुढे असेही दिसले, की दोन महिन्यांत हा परिणाम ओसरतो आणि तीन-चार महिन्यांत जवळपास नाहीसा होतो. भीती टिकत नाही. टिकते ती सवय.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. १९६७ मध्ये तिथे श्वासचाचणीने दारूबाज चालक पकडण्याचा कायदा आला. सुरुवातीला अपघात झपाट्याने घटले. पुढे लोकांच्या लक्षात आले, की प्रत्यक्षात चाचणी होण्याची शक्यता फारच थोडी आहे. मग परिणाम ओसरू लागला. कायदा तोच, शिक्षा तीच, बदलली ती फक्त पकडले जाण्याची खात्री. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्येच हे सांगून ठेवले होते : गुन्हा रोखते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, तिची निश्चितता. पाच हजारांचा क्वचित होणारा दंड पाचशेच्या हमखास दंडापुढे फिका पडतो.

तिसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. इस्रायलमधील हैफा शहरातल्या काही पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा येत. संशोधकांनी उशिराबद्दल छोटा दंड ठेवून पाहिला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले. शिक्षिका आपल्यासाठी थांबतात, याची पूर्वी लाज वाटत होती. आता पैसे भरले की मोकळे. दंड काढून टाकला तरी उशिरा येणे कमी झाले नाही. दंड एकदा किंमत झाला की ती चूक विकत घेता येते, असा याचा अर्थ. ‘पाचशे भरले की झालं’ हे वाक्य आपणही ऐकतो, बोलतो. नाक्यावर पावतीऐवजी ‘काहीतरी बघा ना साहेब’ होते, तेव्हा तर ती चूक सवलतीच्या दरात मिळते.

या सगळ्यावरून सरकारने आणि पोलिसांनी घ्यायचा धडा सोपा आहे. दंड मोठा असण्यापेक्षा नियमित असावा. तो चुकल्याबरोबर कळावा, सहा महिन्यांनी गठ्ठ्याने नव्हे. आणि तो न्याय्य वाटावा. महसुलासाठी दबा धरून बसल्याची भावना झाली, की लोक नियमाचा नाही तर सापळ्याचा अभ्यास करतात, आणि दिवे चमकवून एकमेकांना सावध करतात.

रस्त्याचीही जबाबदारी

न्याय्य वाटण्यासाठी आणखी एक गोष्ट हवी : नियम फक्त चालकासाठी नसावेत. याच कायद्यात १९८ अ हे कलम आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम कितीदा वापरले जाते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार हवा, त्यावर पट्टे हवेत आणि अलीकडे सूचनाफलक हवा. आपल्या गावात शिरतानाचा गतिरोधक यात बसतो का, हे टेप घेऊन कोणालाही पाहता येईल. साइडपट्टी खचली की समोरच्या वाहनाला जागा देताना दुचाकी खाली घसरते, हा अनुभव नवा नाही. ऊस हंगामात रात्री मागचा दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते. साठच्या वेगाने येणाऱ्याला ती दिसते तेव्हा पंचेचाळीस मीटर शिल्लक नसतात. त्या चालकाचे हेल्मेट होते का, हा प्रश्न योग्यच आहे. पण ट्रॉलीचा दिवा का नव्हता, हा प्रश्न तितक्याच जोरात विचारला गेला पाहिजे.

दोन्ही बाजूंनी काम केले की काय होते, ते आपल्याच राज्यात दिसले आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षी तिथे रस्ते, पोलीस आणि तातडीचे उपचार या तिन्हींवर एकत्र काम सुरू झाले. धोकादायक जागी कठडे बसले, वेगावर नियमित कारवाई झाली, जखमींना लवकर उपचार मिळू लागले. काही वर्षांत मृत्यूंचा आकडा निम्म्याहून खाली आला. चालक तेच होते. त्यांना उपदेश करून हे झाले नाही, आणि नुसता दंड करूनही नाही.

अक्कलकोट–मैंदर्गी–दुधनी हा रस्ता द्रुतगती मार्ग नाही. पण अक्कलकोटहून गाणगापूरला निघालेले भाविक, बाजाराला निघालेला शेतकरी, कॉलेजची मुले, एमएच १३ आणि केए ३२ अशा दोन्ही राज्यांच्या गाड्या यावरून जातात. इथे कॅमेरे बसवायला वेळ लागेल, कदाचित ते बसणारही नाहीत. पट्टे, परावर्तक, सूचनाफलक आणि ट्रॉलीमागचा लाल दिवा यांना मात्र फार खर्च नाही. नगरपरिषद, बांधकाम खाते आणि साखर कारखाने यांनी हंगामाआधी एकदा एकत्र बसावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणि घराने काय करावे? दारातल्या गाडीला जितक्या जागा, तितकी हेल्मेटे घ्यावीत. विम्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. इथे कायदा पालकालाच दोषी धरतो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आणि हेल्मेट सोलापूरच्या वेशीवर नव्हे, मैंदर्गीतल्या आपल्या उंबऱ्यावर घालावे.

असे करणाऱ्याला दंड होणार नाही, हे जवळपास नक्की. पण तो त्याचा छोटा फायदा आहे. समोरून दिवे चमकले तरी त्याला गाडी बाजूला घ्यावी लागणार नाही, आणि दिवे चमकवायला कोणी नसेल अशा अंधाऱ्या पट्ट्यातही त्याचे डोके झाकलेले असेल.